आधी हिशोब दाखवा, मग हरकत विचारा

पोस्ट मोठी आहे. आपल्या आठवडी बाजारात सुरू होते, मधे अमेरिकेत जाते आणि फिरून बाजारातच येते. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसला एक जाहीर नोटीस आली. दोन कॉलम, बारीक टाइप. आठवडी बाजाराच्या नव्या उपविधींचा मसुदा तयार आहे, तो कार्यालयात पाहायला मिळेल, ज्यांना हरकती व सूचना द्यायच्या असतील त्यांनी तीस दिवसांत लेखी द्याव्यात, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही. खाली सही-शिक्का. अशा नोटिसा मी वीस वर्षं छापतोय. खरं सांगतो, आजवर त्या मी वाचल्याच नाहीत. जागा किती लागते आणि बिल कधी निघेल, एवढंच बघायचो.

या वेळी वाचली, कारण त्या दिवशी पानात जागा उरली होती आणि बातमी हवी होती. मसुदा बघायला गेलो. चौदा पानं. ओट्याचं भाडं, अनामत रक्कम, ओळखपत्र, वजनकाट्याची तपासणी, पाटी घेऊन जमिनीवर बसायला मनाई. टेबलावरच्या साहेबांना विचारलं, "साहेब, जमिनीवर बसणारे किती जण आहेत आपल्या बाजारात? अनामत भरून ओटा किती जण घेऊ शकतील? उरलेल्यांनी कुठं बसायचं?" ते हसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "अहो, असं काही काढलेलं नाही आपण. हरकती आल्या की बघू."

मग बाजारात गेलो. पंचवीस-तीस वर्षं एकाच जागेवर माळवं विकणाऱ्या एका मावशींना नोटीस वाचून दाखवली. विचारलं, "मावशी, हरकत घेणार का?" कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता त्या म्हणाल्या, "भाऊ, हरकत कशावर घिऊ? मला किती पडणार, बाजाराला काय मिळणार, ते कुठं लिहिलंय त्यात? आधी हिशोब दाखवा म्हणावं, मग हरकत इचारा."

मी गप्प झालो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला इतका नेमका प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता.

नियम करण्याआधी त्याचा खर्च कुणाला, फायदा कुणाला, दुसरा मार्ग आहे का, हे कागदावर मांडायचं आणि लोकांपुढे ठेवायचं, ही कल्पना नवी नाही. तिला पन्नास वर्षांहून जास्त इतिहास आहे आणि तो बराच वाकडातिकडा आहे. ज्यांनी ती पुढे रेटली त्यांच्या मनात भलतंच होतं. तिच्यातून निघालेला सगळ्यात गाजलेला हिशोब पेट्रोलमधल्या शिशाचा. तोच आज सांगतो.

माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, पेट्रोल पंपावर 'अनलेडेड' असे फलक लागले होते. मी तेव्हा कॉलेजात. वडिलांच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला मीच जायचो. फलक दिसायचा, पण लेड म्हणजे शिसं आणि ते आजवर आपण धुरातून नाकात घेत होतो, हे काही डोक्यात आलं नाही. पंपावरही कुणी सांगितलं नाही.

शिसं पेट्रोलमध्ये आलं कसं? १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना कळलं की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड नावाचं शिशाचं रसायन चिमूटभर मिसळलं, की इंजिनाची ठकठक थांबते आणि ताकद वाढते. १९२३ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात ते पेट्रोल विकायला सुरुवात झाली. नाव ठेवलं 'इथाइल'. शिसं विषारी आहे हे रोमन काळापासून माहीत होतं, त्यामुळे नावात शिसं येणार नाही याची काळजी घेतली.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले. कित्येक जण दवाखान्यात गेले. बोंबाबोंब झाली. १९२५ च्या मे महिन्यात सरकारने वॉशिंग्टनला परिषद बोलावली. कामगारांच्या आजारांवर आयुष्य घालवलेल्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी या पेट्रोलला कडाडून विरोध केला. एक समिती नेमली गेली. तिने १९२६ मध्ये सांगितलं की बंदी घालायला सध्या पुरेसं कारण दिसत नाही, मात्र पुढे अभ्यास चालू ठेवावा. पुढचा अभ्यास मुख्यतः ज्यांचा धंदा होता त्यांच्याच पैशावर होत राहिला. चाळीस वर्षं गेली. शिसं जगभर पसरलं.

या काळात एक गोष्ट सतत घडत होती, ती लक्षात ठेवा. शिसं घातल्याचा फायदा मोजलेला होता, पैशात आणि मैलात. तोटा कुणी मोजलेलाच नव्हता. ज्याचा आकडा नाही, तो तोटा नसल्यासारखाच धरला जातो.

तोटा मोजायला पहिले लोक आले ते वेगळ्याच कामासाठी. क्लेअर पॅटरसन हे शास्त्रज्ञ शिशावरून पृथ्वीचं वय काढत होते. ते त्यांनी काढलंही, सुमारे ४५५ कोटी वर्षं. पण ते करताना त्यांच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसंच आहे, हवेत, धुळीत, माणसाच्या कातडीवर. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की माणसाच्या अंगात आज जेवढं शिसं आहे ते नैसर्गिक नाही, ते आपणच घातलेलं आहे. पुढे हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यातलं शिसं मोजलं आणि १९७९ मध्ये दाखवलं, की ज्यांच्या दातात शिसं जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी आणि वर्गातलं लक्ष कमी.

आता दुसऱ्या बाजूला सरकारात काय चाललं होतं ते बघू.

१९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरणाचं स्वतंत्र खातं सुरू झालं, एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन एजन्सी, थोडक्यात ईपीए. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला अध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली होती. त्यात मोठ्या सरकारी प्रकल्पांच्या आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचं निवेदन लिहिणं सक्तीचं झालं. धरण, रस्ता, विमानतळ बांधण्याआधी जनसुनावणी होते ना आपल्याकडे, तिचं मूळ या कल्पनेत आहे. उद्योगवाल्यांनी यातून एक युक्ती शिकली. प्रकल्पाने निसर्गावर काय परिणाम होतो हे लिहायचं, तर मग सरकारी नियमाने धंद्यावर काय परिणाम होतो हेही लिहा की!

१९७१ मध्येच निक्सन सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाने फतवा काढला, की नवे नियम जाहीर करण्याआधी खर्च, फायदे आणि पर्याय लिहून आमच्याकडे पाठवा. सगळ्यात जास्त झळ बसली ती नव्या ईपीएला. १९७४ मध्ये महागाई भडकली होती, तेव्हा अध्यक्ष फोर्ड यांनी आदेश काढला, प्रत्येक मोठ्या नियमासोबत महागाई-परिणाम निवेदन जोडा. पुढे कार्टर आले. १९७८ मध्ये त्यांनी वर्षाला १० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त परिणाम करणाऱ्या नियमांचं विश्लेषण सक्तीचं केलं, आणि नियम साध्या, समजेल अशा भाषेत लिहा असंही बजावलं. ही शेवटची सूचना आपल्या मंत्रालयात फ्रेम करून लावायला हरकत नाही.

मग रेगन. २० जानेवारी १९८१ ला शपथ घेतली आणि महिनाही पुरा झाला नव्हता तोच, १७ फेब्रुवारीला, आदेश क्रमांक १२२९१ काढला. प्रत्येक मोठ्या नियमाआधी 'रेग्युलेटरी इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस', म्हणजे नियमाच्या परिणामांचा सविस्तर हिशोब. समाजाला होणारा फायदा खर्चापेक्षा जास्त दिसला नाही, तर नियम नाही. आणि हा हिशोब तपासणार अर्थसंकल्प कार्यालय. उद्देश लपवलेला नव्हता. नियम कमी करायचे होते. उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या हाताखाली नियमांच्या ओझ्यातून सुटका करणारा एक गट बसवला होता. त्या गटाच्या यादीत पेट्रोलमधल्या शिशाचा नियमही होता.

तो नियम १९७३ चा. पेट्रोलमधलं शिसं टप्प्याटप्प्याने कमी करायचं. कंपन्या कोर्टात गेल्या, १९७६ मध्ये अपील कोर्टात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने नियम टिकला होता. आता छोट्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचं म्हणणं होतं की आम्हाला परवडत नाही, सैल करा. सरकारही त्याच मताचं. १९८२ च्या सुरुवातीला तसा प्रस्ताव आला. सगळ्यांना वाटलं, शिशाचा नियम गेला.

इथे गोष्ट फिरली.

त्याच सुमारास एक देशव्यापी आरोग्य पाहणी हाती आली होती. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन माणसाच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी घटलं होतं. आणि पेट्रोलमध्ये किती शिसं खपलं याचा आलेख शेजारी ठेवला, तर दोन्ही रेषा जोडीने उतरत होत्या. हिवाळ्यात पेट्रोल कमी खपायचं तेव्हा रक्तातलं शिसंही कमी व्हायचं. धुराचा आणि रक्ताचा संबंध आता तर्क राहिला नव्हता. सुनावण्यांमध्ये डॉक्टर आणि संशोधक येऊन हेच सांगत होते. ईपीएतल्या विश्लेषकांनी हिशोब केला की नियम थोडा सैल केला तरी किती मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीवर शिसं जाईल. सैल करायला निघालेला नियम १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये उलट घट्ट झाला. एका गॅलनला १.१ ग्रॅम, आणि छोट्या कारखान्यांच्या सवलतीही आटपत आणल्या.

१९८३ मध्ये खात्याच्या प्रमुख अ‍ॅन गॉर्सच यांना दुसऱ्या वादात राजीनामा द्यावा लागला, आणि खात्याचे पहिले प्रमुख विल्यम रकल्सहाउस परत आले. आता मोठा प्रश्न हातात घेतला गेला. शिसं जवळजवळ संपवलं तर? रेगन यांच्याच आदेशाप्रमाणे पूर्ण हिशोब मांडायचा होता. जोएल श्वार्ट्झ, अल्बर्ट निकोल्स आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. फेब्रुवारी १९८५ मध्ये अंतिम अहवाल आला.

तो अहवाल कसा बांधला होता हे सांगतो, कारण आपल्याला शिकायचं ते इथेच आहे.

आधी खर्च. शिसं काढलं तर पेट्रोलची तीच ताकद आणायला कारखान्यांना कच्च्या तेलावर जास्त प्रक्रिया करावी लागणार. ऊर्जा खात्याकडे सगळ्या देशातल्या शुद्धीकरण कारखान्यांचं गणिती प्रारूप होतं, त्यावर आकडे चालवले. १९८६ या एका वर्षाचा खर्च निघाला सुमारे ६० कोटी ८० लाख डॉलर. कंपन्यांनी तोंडाने सांगितलेला आकडा जसाच्या तसा घेतला नाही.

मग फायदा. पहिलं खातं मुलांचं. रक्तात जास्त शिसं असलेल्या मुलांचा दवाखान्याचा खर्च आणि शाळेत मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवण्याचा खर्च वाचेल, सुमारे ६० कोटी डॉलर. म्हणजे खर्चाएवढी रक्कम याच खात्यात जमा झाली.

दुसरं खातं गाड्यांचं, आणि हे मला फार आवडतं, कारण ते आपल्या गॅरेजवाल्याला विचारलं तरी कळेल. शिशामुळे स्पार्क प्लग लवकर खराब होतात, सायलेन्सर सडतो, ऑइल लवकर बदलावं लागतं. शिसं गेलं की दुरुस्तीचे सुमारे ९१ कोटी डॉलर वाचणार. शिवाय गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देणार, त्याचे आणखी १८-१९ कोटी. म्हणजे पेट्रोल काही पैशांनी महागलं तरी गाडीमालकाच्या खिशात उलट उरणारच होतं.

तिसरं खातं माणसाच्या स्वभावाचं. नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होते आणि शिशाने ते निकामी होतात. त्यामुळे त्या गाड्यांत बिनशिशाचंच पेट्रोल भरायचा नियम होता. पण शिशाचं पेट्रोल स्वस्त! लोक नळीच्या तोंडाशी खटपट करून तेच भरायचे. आपल्याकडे रॉकेल मिसळणारे काय करायचे, तसंच. शिशाचं पेट्रोलच संपलं तर ही चोरी आपोआप थांबेल आणि बाकीचा विषारी धूरही कमी होईल, त्याचे सुमारे २२ कोटी.

चौथं खातं रक्तदाबाचं. शिशाने पुरुषांचा रक्तदाब वाढतो असं नव्या अभ्यासात दिसत होतं. त्यावरून हृदयविकार आणि पक्षाघात किती टळतील ते काढलं, तर फायदा निघाला सुमारे ५९० कोटी डॉलर! बाकी सगळ्या खात्यांच्या तिप्पट. एखाद्याने हाच आकडा मथळ्यात टाकला असता. (मी तर नक्की टाकला असता.) या लोकांनी काय केलं? ते म्हणाले, हा अभ्यास ताजा आहे, अजून पुरता तपासून व्हायचा आहे, म्हणून तो वेगळा दाखवतो आणि निर्णय त्याच्यावर उभा करत नाही. रक्तदाब पूर्ण वगळला तरी फायदा सुमारे १९२ कोटी आणि खर्च ६१ कोटी. खर्चाच्या तिप्पट फायदा.

यावर बोलायचं काय? नियमाविरुद्ध उगारलेली तलवार नियमाच्या बाजूनेच चालली. रेगन यांच्या अर्थसंकल्प कार्यालयालाही हा हिशोब नाकारता आला नाही. ७ मार्च १९८५ ला नियम जाहीर झाला. १ जुलैपासून गॅलनला अर्धा ग्रॅम आणि १ जानेवारी १९८६ पासून फक्त ०.१ ग्रॅम. एका झटक्यात नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं बाहेर.

मग शून्यच का नाही केलं? कारण हरकत आली होती. जुन्या इंजिनांचे, त्यात शेतावरच्या ट्रॅक्टरांचेही, व्हॉल्व्ह शिशाच्या थरामुळे झिजायचे वाचत होते. शेतकऱ्यांचं म्हणणं पडलं की आमचे जुने ट्रॅक्टर खराब होतील. हिशोब समोर असल्यामुळे ही हरकत नेमक्या जागी लागली, आणि व्हॉल्व्हला पुरेल एवढं ०.१ ग्रॅम ठेवलं. ज्या कारखान्यांना लगेच जमत नव्हतं त्यांना इतरांनी वाचवलेला वाटा विकत घ्यायची आणि साठवायचीही सोय दिली. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंदी १९९६ च्या पहिल्या दिवसापासून आली. मावशी जे म्हणाल्या ते अगदी हेच आहे. हिशोब दाखवला तर हरकत घेता येते, आणि हरकत नेमकी असेल तर नियम सुधारतो.

आता या पद्धतीचं कौतुक एवढ्यावरच थांबवतो, कारण तिचे दोषही मोठे आहेत.

पहिला दोष. वरच्या हिशोबात मुलाच्या खात्यावर काय धरलं ते पुन्हा वाचा. दवाखान्याचं बिल आणि जादा शिकवणी. ज्या पोराची बुद्धी शिशाने मंदावली, त्याचं पुढचं आयुष्य, त्याच्या आईची काळजी, याला आकडा नव्हता, म्हणून ते हिशोबात आलंच नाही. इथे फायदा एवढा मोठा होता की तरीही नियम झाला. जिथे फायदा काठावर असतो तिथे अशा न मोजलेल्या गोष्टींमुळे नियम मरतो. दुसरा दोष म्हणजे वेळ. मोठ्या कंपन्या तज्ज्ञ लावून आकड्यावर आकडा फेकतात आणि वर्षानुवर्षं नियम लटकवतात. तिसरा दोष बंद दाराचा. रेगनकाळात अर्थसंकल्प कार्यालयात कोण कुणाला भेटतं आणि मसुद्यात काय खोडलं जातं हे बाहेर कळत नसे, यावर तिथल्या संसदेत बरीच आदळआपट झाली. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये क्लिंटन यांनी रेगन यांचा आदेश रद्द करून नवा काढला. फायदा खर्चापेक्षा जास्त हवा, याऐवजी फायद्याने खर्चाचं समर्थन व्हायला हवं, अशी भाषा आली. जे मोजता येत नाही त्याचाही विचार करा असं सांगितलं, आणि बाहेरच्यांच्या भेटीगाठींची नोंद उघड ठेवायला लावली.

आपल्याकडे शिसं गेलं ते वेगळ्या वाटेने. दिल्लीच्या धुरावर एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद. म्हणजे अमेरिकेच्या त्या अहवालानंतर पंधरा वर्षांनी. माझी सगळी शाळा त्या पंधरा वर्षांत झाली. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथला साठा २०२१ मध्ये संपला.

आणि हिशोबाची पद्धत? आपल्याकडे नियम करण्याआधी लोकांना विचारायची रीत अमेरिकेच्या कितीतरी आधीची आहे. १८९७ चा सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियम, इंग्रजांचा. त्याच्या कलम २३ मध्ये लिहिलंय, जिथे कायदा पूर्वप्रसिद्धी मागतो तिथे मसुदा ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्या माहितीसाठी छापा, तारीख द्या, आणि आलेल्या हरकती-सूचनांचा विचार करा. 'हरकती व सूचना' हे आपल्या नोटिशीतले शब्द इथून येतात. सव्वाशे वर्षं झाली. पण त्या कलमात मसुदा छापायचा आहे, हिशोब छापायचा नाही.

ही उणीव भरायचे प्रयत्न झालेत. विधेयकाला उद्देश व कारणांचं निवेदन जोडतात, वित्तीय ज्ञापन जोडतात. पण वित्तीय ज्ञापन सरकारी तिजोरीवर किती भार पडेल ते सांगतं. मावशींच्या पाटीवर किती पडेल ते नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं, लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना त्याची सगळी संबंधित वस्तुस्थिती सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करावी. अर्ज करायचीही गरज नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम निर्धारण आलं. आणि २०१४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने कायद्यापूर्वी सल्लामसलतीचं धोरण सगळ्या खात्यांना कळवलं. मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवा, सोबत तो का हवा ते लिहा, आणि पर्यावरण, मूलभूत हक्क, बाधित लोकांचं जगणं आणि उपजीविका यांवर काय परिणाम होईल याचा अंदाज द्या. नियमांनाही हे लागू. भाषा वाचली की छाती भरून येते. पण ते धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही म्हणून नियम रद्द होत नाही. आणि ते केंद्राचं. आपल्या बाजाराच्या टेबलापर्यंत ते पोचायचं बाकी आहे.

काही जण म्हणतील, बाजाराच्या चौदा पानांसाठी एवढा खटाटोप? अमेरिकेत १० कोटी डॉलरचे नियम होते. बरोबर आहे. आपल्याला शंभर पानी अहवाल नको. एक पान पुरे. जमिनीवर बसणारे विक्रेते किती, हे एका बाजाराच्या दिवशी मोजलं तरी कळतं. ओटे किती, माणसं किती. एका विक्रेत्याचा वर्षाचा खर्च आज पावतीने किती आणि उद्या भाडं-अनामतीने किती. त्यातून मिळणाऱ्या पैशात बाजाराला काय मिळणार, पाणी, शौचालय, सावली, नेमकं काय आणि कधी. आणि दुसरा मार्ग आहे का, उदाहरणार्थ पाटीवाल्यांसाठी वेगळी आखलेली जागा. बस. स्वच्छ बाजार मलाही हवाय, चिखलात भाजी मीही घेतो. कदाचित हिशोब मांडला तर नियम योग्यच निघेल. शिशाच्या बाबतीत तरी काय झालं? ज्यांना नियम नको होता त्यांच्याच आदेशाने केलेल्या हिशोबाने नियम हवाच हे दाखवलं. आकडा खरा असला की तो कुणाच्या बाजूचा राहत नाही.

मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत. मी माझी हरकत लिहिली आहे, नोटिसा नुसत्या छापल्याबद्दलचं प्रायश्चित्त म्हणा हवं तर. तिच्यात मसुद्याला विरोध नाही. एकच मागणी आहे, वरचं एक पान तयार करून बाजारात मोठ्या अक्षरात लावा आणि त्यानंतर पुन्हा तीस दिवस द्या. परवा बाजाराच्या दिवशी दुपारी चारला मी वही घेऊन बाजारात असेन. जमिनीवर बसणारी माणसं मोजायची आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी या, दोघे-तिघे आलात तरी तासाभरात होईल.

मावशींना काल जाऊन सांगितलं, तुमची हरकत लिहून घेतली आहे, अंगठा नको, सही करा, तुम्हाला येते. त्यांनी सही केली. मग मला म्हणाल्या, "आन भाऊ, ते पोच घ्यायला इसरू नका."

पोच घेणार आहे. तुम्हीही तुमच्या गावातली अशी एखादी नोटीस पाहिली असेल तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. मुदत कधी संपते ते आवर्जून लिहा.